आगीवरची माणसं

मिरजेच्या फलाटावर ‘कोल्हापूर–गोंदिया’ अशी पाटी लावलेली गाडी मी बत्तीस वर्षं पाहत आले. पाटीवरचं कोल्हापूर माझं माहेर. गोंदिया मात्र माझ्यासाठी नुसता एक शब्द होता. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्या गाडीत चढले ती कुसुममुळे. नर्सिंगच्या वसतिगृहात तीन वर्षं आम्ही एका खोलीत काढली होती. मी मिरजेला सिस्टर म्हणून राहिले, ती नागपुरात. निवृत्त झाल्यावर ती आपल्या गावी, सौंदडला परतली, आणि दर महिन्याला फोनवर एकच धोशा, “शैला, ये एकदा. आमच्याकडं लोकं भंडाऱ्यापर्यंत येतात आणि परत फिरतात.”

एप्रिल संपत आला होता. मुलगा म्हणाला, “आई, या दिवसांत तिकडं कोण जातं?” मी म्हटलं, “तिकडचे लोक राहतातच ना.” बोलायला सोपं होतं. नागपूर मागे पडल्यावर खिडकीतून येणारा वारा चुलीपुढून आल्यासारखा यायला लागला आणि मुलाचं म्हणणं पटलं. गोंदियाला उतरले तेव्हा स्टेशनवर सगळीकडे हिंदी. मी मराठीत विचारलं तरी हमाल म्हणाला, “मौसी, सौंदड की गाडी उधर लगेगी, जल्दी करो.”

त्या छोट्या गाडीतून दोन्ही बाजूंना धानाच्या रिकाम्या बांध्या (भाताची खाचरं) दिसत होत्या. भेगाळलेल्या, ओळीनं मांडलेल्या, मध्येच एखादं मोहाचं झाड. मग टेकड्या आणि जंगल. सौंदडला कुसुम फलाटावर उभी होती. डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. मी ओळखलं ते तिच्या हसण्यावरून.

“आलीस बाप्पा एकदाची! पाणी पी आधी. इथं तहान लागायची वाट पाहायची नाही.”

तिचं घर विहाराच्या मागच्या गल्लीत. जेवायला लाखोरीचं वरण (या भागात पिकणारी एक डाळ), भात, आणि कैरीचं आंबटगोड सार. मला ते वरण इतकं आवडलं की रात्रीही तेच मागितलं. दोन दिवस आम्ही कूलरपुढे बसून वसतिगृहाच्या गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, जंगलापलीकडचा तो मोठा तलाव पाहायचाय. कुसुमचा गुडघा सुजलेला होता. तिनं ओळखीच्या काळीपिवळीत (माणसं भरून नेणारी जीप) मला बसवून दिलं. ड्रायव्हर प्रकाश, तिशीतला, दातात काडी धरून बोलणारा.

“मॅडमले तलावावर उतरवजो अना येताना घेऊन येजो,” कुसुमनं त्याला बजावलं. माझ्या मांडीवर दोन लिटरची पाण्याची बाटली ठेवली, वर ओला नॅपकिन गुंडाळून. “ही संपली पाहिजे दुपारपर्यंत,” ती म्हणाली.

आठच्या सुमारास आम्ही जंगलातल्या रस्त्याला लागलो. पानगळ झालेली, सगळी झाडं उघडी, जमिनीवर वीतभर वाळका पालापाचोळा. थोड्या वेळानं वास आला. मग समोर रस्त्यावर निळसर धूर उतरलेला दिसला.

“वणवा लागला जी,” प्रकाश म्हणाला. “मोहफुलं येचाले झाडाखालचा पाला जाळतेत लोकं. मंग असं होते.”

रस्त्याच्या डाव्या अंगाला आग होती. मी मनात धरली होती तशी उंच भडकणारी नव्हे. घोट्याएवढ्या ज्वाळांची एक लांबच लांब रांग पाल्यातून सरपटत पुढे येत होती, तडतड आवाज करत. तिच्यासमोर चार-पाच माणसं. एकाच्या पाठीवर पाला उडवायचं यंत्र, बाकीच्यांच्या हातात हिरव्या डहाळ्या. ती ज्वाळांवर डहाळ्या हाणत होती, मागं सरत होती, पुन्हा हाणत होती. त्यांत एक बाईही होती, लुगड्याचा काचा मारलेली. पायात सगळ्यांच्या साध्या रबरी चपला.

रस्त्याच्या अगदी कडेला एक उतारवयाचा माणूस होता. जीप पाहून तो वळला. डहाळी खाली धरून त्यानं दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडाकडे नेला. पाणी.

मी बाटली उचलली. प्रकाशला म्हटलं, “थांबव जरा.”

“थांबलो त धुरात फसून जाऊ मॅडम! गाडी गॅसवर चालते, मागं सिलिंडर हाय,” तो म्हणाला आणि त्यानं वेग वाढवला.

एवढंच झालं. खिडकी उघडी होती. मी बाटली बाहेर फेकू शकले असते. त्या माणसाचा चेहरा माझ्यापासून पाच हातांवरून गेला. काजळीनं काळा, आणि भुवया पांढऱ्या, राखेनं की वयानं कोण जाणे. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते खरं सांगायचं तर असं: दिवसभर उन्हात फिरायचंय, पाणी एवढंच आहे, आणि यांच्याकडे यांची सोय असेलच. मी बाटली पुन्हा मांडीवर ठेवली. धूर संपला. प्रकाशनं गाणी लावली.

तलाव खरंच मोठा आहे. तिन्ही बाजूंनी टेकड्या, उन्हाळ्यानं पाणी मागे हटलेलं, काठच्या चिखलात बगळे आणि आणखी कसले कसले पक्षी. पण मला त्यातलं फार काही आठवत नाही. काठावरच्या जांभळाखाली बसून मी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून बसले. साडेदहालाच ऊन इतकं झालं की पाण्याकडे पाहवेना. मी बाटली उघडून दोन घोट घेतले. पाणी अजून गार होतं.

साडेबाराला प्रकाश परत आला. या वेळी जीप जवळजवळ भरलेली. माझ्या शेजारी इंदूबाई नावाची मासे विकणारी बसली, ढीवर समाजाची. तलावातले मासे घेऊन ती सडक अर्जुनीच्या बाजारात निघाली होती. तिच्या पायांत थर्माकोलचा मोठा डबा, आत बर्फात मासे. समोर पांढरेशुभ्र कपडे घातलेले एक काका, मांडीवर आहेराची पिशवी. भाचीचं लग्न होतं. “दोन वाजताचं लगन आहे, दबाव जरा गाडी,” ते प्रकाशला दर पाच मिनिटांनी सांगत होते. मागे आणखी तिघं.

सकाळच्या जागी आलो तेव्हा डावीकडचं जंगल काळं झालेलं होतं. आग विझली होती, खोडांतून धुराच्या बारीक दोऱ्या निघत होत्या. मी त्या माणसाला शोधत होते. आणि वळणावर प्रकाशनं करकचून ब्रेक दाबला.

रस्त्याच्या मधोमध ती सकाळची बाई दोन्ही हात पसरून उभी होती.

“थांबा जी! थांबा! माणूस पडला!”

तो रस्त्याकडेच्या एका खोडाला टेकून बसला होता. तोच. अंगावर खाकी शर्ट, बटणं चुकीच्या काजात गेलेली. काहीतरी बडबडत होता, आणि हातानं समोरची हवा झोडपत होता. डहाळी हातात नव्हती, तरी हात आग विझवत होता.

मी दार उघडून उतरले. त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. घाम नावाला नाही. कातडी कोरडी, तापलेल्या पत्र्यासारखी.

“नाव काय यांचं?”

“सोमा,” ती म्हणाली.

“सोमादादा! माझ्याकडं बघा. कुठं आहात तुम्ही?”

त्यानं डोळे माझ्याकडे वळवले, पण मी त्यांत नव्हते. “बहू, तिकडून ये, तिकडून,” तो म्हणाला, “नाल्याकडून घुसली.”

बत्तीस वर्षांत मी उष्माघाताचे रुग्ण पाहिले होते ते वॉर्डात, खाटेवर, सलाईनसकट. इथं ना खाट, ना थर्मामीटर, मोबाइलला रेंजही नाही. आणि रुग्णालय पाऊण तासावर.

“पाणी कधीपासून नाही प्यायलेत?”

“सकारीच सरलं जी,” ती म्हणाली. तिचं नाव सगुणा. “पानी घेऊन येणारा माणूस अना बाकीचे नाल्यापलीकडच्या आगीले गेले. तिकडं लय पेटली. आमी दोघंच राहिलो इकडं. येन मले म्हटलं, तू सावलीले बस, मी पायतो. मंग असे बोलाले लागले.”

मी शर्ट काढायला घेतला. तिला म्हटलं, “तो हात धर, बाही ओढ.” ती जागची हलली नाही. पदर डोक्यावरून पुढे ओढून दोन पावलं मागेच गेली.

“अगं, धर ना!”

“माहे भासरे होत जी,” ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. “मी हात नाई लावत.”

मला क्षणभर कळेना. इंदूबाई उतरून आली होती. ती म्हणाली, “नवऱ्याचा मोठा भाऊ हाय बाई. शिवत नाई आमच्याकडं. सावली बी पडू देत नाई.” आणि तिनंच बाही ओढली.

मागे काका प्रकाशला म्हणत होते, “अरे, यांच्या फॉरेस्टच्या सायबाले कळव पुढच्या गावातून. ते पाठवतील गाडी. आपण काऊन अडकून राहिलो?”

प्रकाश माझ्याजवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, बुरा मत मानो. याले गाडीत घेतलं अना रस्त्यात काही झालं त पोलीस मले इचारतीन. गाडी माही नाई, मालकाची हाय. लफडा हो जायेगा.”

“इथं ठेवला तर तो अर्ध्या तासात मरेल,” मी म्हटलं. “मी सिस्टर आहे. सही करायची वेळ आली तर मी करीन. विचारलं तर माझं नाव सांग. उचल आता.”

प्रकाश उभाच. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या बाटलीचं पाणी सोमाच्या छातीवर, मानेवर ओतत होते. सकाळी हेच पाणी त्याच्या तोंडात गेलं असतं.

मागच्या सीटवरचा एक जण खिशातला कांदा चिरून घेऊन आला. “रस पाजा बाई, उतरते लू.” मी त्याचा हात अडवला. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते छातीत जातं. तो माणूस रागावला. “आमच्याकडं असंच करतेत!” मी म्हटलं, “दादा, तुमच्या टॉवेलनं वारा घाला. त्याची जास्त गरज आहे.” त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मग टॉवेल सोडून वारा घालायला लागला.

बाटली संपली. प्रकाशनं गाडीतला, इंजिनात घालायच्या पाण्याचा कॅन आणून माझ्यापुढे ठेवला. तेही पाणी गरम. उन्हात तापलेल्या पाण्यानं कितीसं होणार? “बर्फ पाहिजे होता,” मी स्वतःशीच म्हटलं असेन.

इंदूबाई उठली. जीपकडे गेली. थर्माकोलचा डबा उचलून आणला आणि झाकण काढलं. वरचे मासे तिनं पालथ्या हातानं एका बाजूला सारले आणि बर्फाचे खडे ओंजळीनं माझ्या ओढणीत घातले. एकदा, दोनदा, तळ दिसेपर्यंत.

“इंदूबाई, तुमचे मासे—”

“लाव तू. कोठी लावाचा ते सांग.”

मानेच्या दोन्ही बाजूंना, काखांत, जांघेत. मी सांगत गेले, ती ठेवत गेली. माशांचा वास, धुराचा वास. सगुणा मागे उभी राहून तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, गोंडीत असावं.

आम्ही त्याला उचलून जीपच्या मागच्या भागात, दोन सीटांच्या मधल्या पत्र्यावर कुशीवर झोपवलं. मागची माणसं टपावर चढली. काका पुढे बसले. मी एका बाजूला, इंदूबाई दुसऱ्या बाजूला, आणि सगुणा अगदी दाराशी, अंग चोरून. प्रकाशनं जीप सोडली ती सकाळी धुरातूनही पळवली नव्हती अशा वेगानं.

पंधराएक मिनिटं गेली असतील. सोमाचं बोलणं थांबलं. मला ते बडबडणं बरं वाटत होतं, ही शांतता नको होती. मी त्याच्या डोळ्याची पापणी उचलायला वाकले, आणि त्याला झटका आला.

सगळं अंग ताठ झालं आणि उडायला लागलं. डोकं पत्र्यावर आपटायला लागलं, ठण ठण ठण. मी खांदे धरायला धडपडले. इंदूबाईच्या हातून बर्फ सांडला. “डोकं!” मी ओरडले, “डोकं धरा कुणी!” आमच्या दोघींचे हात पोचत नव्हते.

सगुणा दारापासून सरकली. क्षणभरच थांबली असेल. मग तिनं मांडी घातली आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी उचलून मांडीत घेतलं. तिचा पदर मागे पडला होता. तो तिनं सावरला नाही. झटका होता तितका वेळ ती त्याचं डोकं पोटाशी धरून बसली आणि त्याच्यावर वाकून एकच शब्द म्हणत राहिली, “दादा, दादा.”

झटका थांबला. मी त्याला पुन्हा कुशीवर केलं, तोंडातला फेस बोटानं काढला. श्वास चालू होता, घरघरत. मी मनगट धरून ठोके मोजत राहिले, मला दुसरं काही सुचतच नव्हतं.

सडक अर्जुनीच्या अलीकडे हायवेला लागलो आणि अडकलो. पुढे ट्रक एकामागे एक, रायपूरकडे तोंड केलेले. कुठेतरी एक ट्रक आडवा झाला होता. प्रकाशनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. कोणी हलत नव्हतं.

पुढचं दार उघडलं. लग्नाचे काका उतरले. पांढऱ्या कपड्यांत, हातात आहेराची पिशवी तशीच. ट्रकांच्या मधे घुसून त्यांनी एकेका ड्रायव्हरच्या दारावर थापा मारायला सुरुवात केली. “साइड दे! पीछे आदमी मर रहा है! साइड!” एक ट्रक डावीकडे सरकला. मग दुसरा. काका पुढे चालत होते, आम्ही मागून त्या फटीतून. ढाब्याच्या अंगणातून, खाटांना घासून, आम्ही बाहेर पडलो. जीपमध्ये पुन्हा चढायला काका थांबलेच नाहीत. हातानं “जा, जा” केलं. ट्रकांना घासून त्यांचा सदरा पाठीवर काळा झाला होता. लग्न एव्हाना लागून गेलं असेल.

तालुक्याच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होती. तिनं थर्मामीटर लावला, आकडा पाहिला, मला दाखवला आणि ओरडून माणसं गोळा केली. मग सगळं माझ्या ओळखीचं झालं. सलाईन, ओली चादर, पंखा, ऑक्सिजन. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले.

नोंदणीच्या खिडकीपाशी कारकून सगुणाला विचारत होता. नाव, वय, गाव.

“काम?”

“आगीवर जातेत.”

“मजूर लिहितो.”

“मजूर नोका लिहू,” सगुणा म्हणाली. पदर पुन्हा डोक्यावर आला होता, पण आवाज मोठा होता. “जंगलाची आग इझवतेत. तेच करताना पडले. ते लिहा.”

कारकुनानं मान वर केली. लिहिलं की नाही मला दिसलं नाही. पेन मात्र बराच वेळ चाललं.

मी इंदूबाईला शोधायला बाहेर आले. ती नव्हती. प्रकाश जीपचा पत्रा धूत होता. “ते गेली,” तो म्हणाला. “मासोळ्या नरम पडल्या होत्या. आता कोण घेईन? पुलाजवळ फेकून देल्या.” थोडा वेळ पाणी ओतत राहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मी सकारी थांबलो असतो मॅडम, त हे झालं नसतं ना?”

“मीही बाटली फेकली नाही,” मी म्हटलं.

त्याच्या हातातला कॅन घेऊन मी पत्र्यावर पाणी ओतायला लागले.

संध्याकाळी सोमाचा ताप उतरला, पण लघवी होईना, म्हणजे मूत्रपिंडांची भीती. दुसऱ्या दिवशी त्याला गोंदियाला हलवलं. मी मिरजेचं तिकीट रद्द केलं. कुसुमनं विचारलंही नाही, नुसतं जास्तीचं एक अंथरूण काढून ठेवलं. तिच्या ओळखीची एक सिस्टर गोंदियाच्या दवाखान्यात होती. रोज सकाळी फोन करून आम्ही एकच प्रश्न विचारायचो. पहिले दोन दिवस उत्तर ‘नाही’ आलं. ते दोन दिवस मी कुसुमच्या घरात इकडून तिकडे फिरत राहिले. तिसऱ्या सकाळी फोनवर ती सिस्टर हसत म्हणाली, “झाली!” आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघरात एकमेकींच्या गळ्यात पडलो. ते कशासाठी, हे आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

आठव्या दिवशी सोमा घरी आला. प्रकाशनं मला आणि कुसुमला त्याच्या टोल्यावर (छोट्या वस्तीवर) नेलं. सहा-सात मातीची घरं, पांढऱ्या मातीनं सारवलेली. अंगणात मांडवाखाली खाटेवर सोमा बसला होता, वाळून अर्धा झालेला. भुवया पांढऱ्याच होत्या, वयानं. सगुणा दाराच्या आत उभी होती. फक्त पदराची कड दिसत होती.

पळसाच्या दोन्यात (पानांच्या द्रोणात) टेंभरं (तेंदूची पिकली फळं) आली. गोड, चिकट, मोठ्या बियांची. मी एक खाल्लं. जे बोलायला आले होते ते बोलायचं राहिलं होतं.

“सोमादादा, त्या दिवशी सकाळी तुम्ही जीपला पाणी मागितलं होतं.”

“असन,” तो म्हणाला.

“मी होते आत. माझ्या हातात भरलेली बाटली होती. मी दिली नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. कुसुमनं मान खाली घातली. तो म्हणाला,

“सगळेच जातेत बाई. रोज मागतो आमी. धुरात कोण थांबन?” मग म्हणाला, “कोनी येऊन सांगत नाई पन. हे पयल्यांदा आयकलो.”

त्यात क्षमा होती का, मला कळलं नाही. त्यानं मला माफ केल्याचं सोंग केलं नाही, हे मात्र बरं वाटलं. तो दुसरंच बोलायला लागला. यंत्र पाठीवर घेतलं की कसं जड वाटतं, पाला उडवून पट्टा साफ केला की आग तिथं येऊन कशी उपाशी मरते, रात्री विझलेली खोडं सकाळी पुन्हा कशी डोळे उघडतात. वीस उन्हाळे तो हे करत होता. बोलताना त्याच्या हातांत जीव आला.

“आता पुन्हा नका जाऊ या साली,” कुसुम म्हणाली.

“मी कोठी जातो? डाक्टरनं बसवलं,” तो म्हणाला. मग दाराकडे न बघता, आढ्याकडे बघून म्हणाला, “बहू जाते. उद्यापासून.”

आतली पदराची कड हलली.

“तिले म्हणा,” तो माझ्याकडे वळून म्हणाला, जणू ती तिथं नव्हतीच, “तिनं डोकं धरलं म्हणून मले सांगितलं लोकाईनं. लोकं बोलतीन काही. बोलू द्या. म्हणा, मी काही बोलणार नाई. धरलं ते बरं केलं.”

मी दाराकडे वळून ते शब्द मोठ्यानं पुन्हा म्हटले, एकेक. थोड्या वेळानं सगुणानं आणखी एक दोना बाहेर सरकवला. तो तिनं सोमाच्या खाटेजवळ ठेवला, माझ्याजवळ नाही.

निघताना प्रकाशनं जीपच्या टपावरचे दोन निळे ड्रम दाखवले. आता पाणी भरूनच निघतो म्हणाला, इंदूबाईनं त्याला दम दिलाय. ती दर आठवड्याला त्याच्याच गाडीनं जाते. मी तिला एकदा बाजारात गाठलं होतं. आभार मानायला लागले तर म्हणाली, “मासोळी घेतं का? नाही त बाजूले हो, गिराईक हाय मागं.” मी दोन मासे घेतले. तळायला कुसुमला बसवलं.

सौंदडहून गोंदियाला येणारी सकाळची गाडी टेकड्यांमधून जाते. माझ्या समोर एक तरुण बसला होता, कानात तार, पायाशी लॅपटॉपची पिशवी. उजवीकडचा उतार पूर्ण जळून काळा झालेला दिसला तेव्हा त्यानं तार काढली.

“ओह, केवढं जंगल जळलंय!” तो म्हणाला.

मीही पाहत होते. काळा उतार खाली येत येत एका जागी थांबला होता. तिथून पुढे, अगदी हातभर अंतर सोडून, वाळकं पिवळं गवत तसंच्या तसं उभं होतं, आणि त्यामागे रुळांपर्यंत सगळं रान. मधली ती रेघ सरळ नव्हती. कुठे आत गेलेली, कुठे बाहेर आलेली. जिथं आत गेली होती तिथं कुणाला तरी मागं सरावं लागलं असेल.

“तिथं थांबलंय बघा,” मी बोट दाखवलं.

“हो की. वारा फिरला असेल.”

“वारा नाही,” मी म्हटलं. “माणसं उभी होती तिथं.”

“कोण?”

त्या उतारावर कोण उभं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. सोमा नव्हता, सगुणाही नव्हती, त्यांचं जंगल मागं राहिलं होतं. तिथं दुसरेच कोणी होते, त्यांची नावं मी विचारली नव्हती. वॉर्डात मी नाव विचारल्याशिवाय कुणाची नाडी धरली नाही. रस्त्यावर मात्र आयुष्यभर खिडकीतून बघत आले.

“माहीत नाही,” मी त्याला म्हटलं. “विचारायला पाहिजे होतं.”

त्यानं पुन्हा तार कानात घातली. मी वळून त्या रेघेकडे बघत राहिले, गाडी वळण घेईपर्यंत.